माझ्याकडे तर चालतंय

“फोटोंची नावं बदलायची होती. बदलत नाहीत,” ती म्हणाली. त्याच्या खोलीच्या दारात उभी होती, चष्मा हातात धरून, आणि हे ती त्याला सांगते आहे की दाराच्या चौकटीला, ते कळायला मार्ग नव्हता. “नेण्याआधी करून टाकावं म्हटलं.”

“का नाही बदलणार? त्या फोल्डरवर तुला सगळ्या परवानग्या आहेत,” तो पाठमोराच म्हणाला.

“नाहीयेत.”

“आहेत. मीच दिल्यात ना.”

“बरं,” ती म्हणाली आणि बोळातून आपल्या खोलीकडे निघून गेली.

ते ‘बरं’ त्याला नखाखाली कुसळ जावं तसं टोचलं. वाद घातला असता तर सोपं गेलं असतं. वादात तो कसलेला गडी होता, उभा जन्म लोकांच्या तक्रारींना उत्तरं देण्यात गेला होता. पण या ‘बरं’मध्ये तक्रारच नव्हती. एखादी गोष्ट फार पूर्वी सोडून दिलेल्या माणसाचं ते ‘बरं’ होतं. घरातलं सगळं बोलणंच गेली कित्येक वर्षं असं चाललं होतं. चहा ठेवलाय. साखर संपलीय. लेकीचा फोन होता. वाक्यांत चहा होता, साखर होती, लेक होती. तू आणि मी तेवढे कुठेतरी गळून पडले होते. भांडण म्हणावं तर नाही. शेजारीपाजारी तर म्हणायचे, किती शांत घर तुमचं. परवा ती जाणार होती. कॉलेजातून निवृत्त होऊन वर्ष झालं नव्हतं तोच दुसऱ्या एका शहरातल्या वनस्पतींच्या संग्रहालयात तिनं काम धरलं होतं: कपाटांत पडून राहिलेली मॉसची जुनी पाकिटं उघडायची, भिंगाखाली बघायची, नावं लावायची. दोन वर्षांचं काम. “दोन वर्षं काय, बघता बघता जातात,” असं तो लेकीला फोनवर म्हणाला होता. या वयात वेगळी मांडलेली चूल दोन वर्षांनी कुणी विझवून परत येत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. ती का जाते आहे हे मात्र त्याला धड ठाऊक नव्हतं. म्हणजे कामासाठी जाते आहे, हे उघडच होतं; पण ज्या बाईनं मॉसचा विषय या घरात टाकून दिला, ती तोच विषय धरायला एवढ्या लांब का निघाली? हे कोडं त्यानं स्वतःशी एकाच पद्धतीनं सोडवलं होतं. कंटाळा विषयाचा नव्हता, आपला होता.

त्यानं तिचं म्हणणं खोटं पाडायचं ठरवलं. जित्याची खोड. आपल्याच मशीनवर तिच्या नावानं लॉगिन केलं, ‘घर’ नावाचा तो फोल्डर उघडला, मॉसच्या फोटोंतला पहिलाच पकडला, त्याचा नंबर पुसून तिथे दोन अक्षरं लिहिली. बदललं. पुन्हा पूर्वीसारखं केलं. तेही झालं. “चालतंय की,” तो बसल्या जागेवरून बोळाच्या दिशेनं ओरडला. “माझ्याकडे तर चालतंय.”

ती स्वयंपाकघरात गेली असावी. कपबश्या कागदात गुंडाळल्याची चुरचुर ऐकू येत होती. आणि तोंडातून निसटलेलं ते वाक्य त्याच्याच कानावर उशिरानं येऊन पडलं, तेव्हा त्याला एकदम ओशाळल्यासारखं झालं. कारण ह्या वाक्यावर त्यानं कचेरीत बंदी घातली होती. विमा कंपनीच्या त्या मोठ्या इमारतीत कुणी कुठली फाईल बघायची, कुणी लिहायची, कुणी पुसायची, हे सगळं त्याच्या हातात होतं. लोक पाठीमागे त्याला किल्लेदार म्हणत, आणि पाठीमागे म्हणतात हे त्याला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. हाताखाली नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी तो त्याला एकच धडा द्यायचा. समोरचा म्हणतो होत नाही, तर होत नाही. ‘माझ्याकडे तर चालतंय’ असं म्हणणारा माणूस या खात्यात नको. उठायचं, तिसऱ्या मजल्यावर असो की तळघरात, तिथवर जायचं, ज्याची तक्रार आहे त्याच्या खुर्चीत बसायचं आणि त्याच्या नजरेनं बघायचं. हा धडा घेतलेली माणसं आता मोठमोठ्या हुद्द्यांवर होती, निरोप समारंभात त्यांनी त्याची आठवणही काढली होती. ती तेव्हा त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होती, आणि घरी येताना एवढंच म्हणाली होती, “लोका सांगे ब्रह्मज्ञान.” पुढचं ती बोलली नव्हती. पूर्वीच्या दिवसांत बोलली असती. पूर्वी ती म्हणायची, स्वतः कोरडे पाषाण, आणि कोरड्या पाषाणावर मॉससुद्धा धरत नाही, समजलं ना.

तो उठला. बोळ ओलांडायला कितीसा वेळ लागतो. मध्ये लेकीची जुनी खोली, तिच्या दारावर अजून तिच्या शाळेच्या दिवसांतल्या चिकटचित्राचा अर्धा पोपडा. तरी जाताना त्याच्या मनात येऊन गेलं की ह्या बाजूनं आपण तिच्या दारापर्यंतच येत होतो. निरोप दारात द्यायचा, वस्तू दारात द्यायची. खोलीत पुस्तकांचे गठ्ठे सुतळीनं बांधून भिंतीला टेकवले होते. रिकाम्या फळ्यांवर पुस्तकांनी राखलेल्या जागा स्वच्छ आणि बाकीची धूळ, त्यामुळे फळ्या पट्ट्यापट्ट्यांच्या दिसत होत्या. तो तिच्या खुर्चीत बसला. खुर्ची ठेंगणी होती, त्याचे गुडघे टेबलाच्या कडेला लागले. डावीकडे खिडकी, खिडकीबाहेर पागोळीच्या पाण्यानं काळवंडलेली भिंत, आणि तिच्यावर, बरोबर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीला, हिरव्या मॉसची तळहाताएवढी गादी. हे इथे होतं हे त्याला माहीत नव्हतं. मग त्यानं समोर पाहिलं. दोन्ही दारं उघडी असली की इथून बोळातून सरळ त्याची खोली दिसत होती: त्याचं टेबल, त्याचा उजळलेला पडदा आणि त्याची रिकामी खुर्ची, पाठ इकडे करून ठेवलेली. इतकी वर्षं ह्या जागेवरून तिला आपली पाठ दिसत आली असणार. त्यानं मान खाली घातली आणि तिच्या मशीनवर फोल्डर उघडला.

फोटो आले. सगळे, ओळीनं, नंबर लावून. त्यानं पहिल्याचा नंबर पुसून तिथे काहीतरी लिहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावर चौकट आली: हे काम करायला तुम्हाला परवानगी हवी. पुन्हा केलं. पुन्हा तीच चौकट. एक कोरी फाईल ठेवून पाहिली. ठेवता येईना. आणि मग, हात अजून टेबलावरच असताना, काय झालंय ते त्याला कळलं. शोधावं लागलं नाही. ज्याला हे काम येतं त्याला हे शोधावं लागतच नाही, ही पहिल्या इयत्तेची चूक. वायरीवरून वाटून दिलेल्या, म्हणजे दुसऱ्या मशीनवरूनही उघडता येणाऱ्या फोल्डरला परवानग्या दोन ठिकाणी असतात. एक खुद्द फोल्डरवर, आणि दुसरी तो वाटायला काढला त्या तोंडाशी. घराला खोलीचं दार असतं आणि अंगणाचं फाटक असतं, तसं. वायरीवरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावी लागतात आणि दोन्हींत जी कडक असेल ती त्याला लागू होते. फोल्डर ज्या मशीनवर आहे त्याच मशीनवर बसलेल्याला फाटक लागतच नाही, तो घरातच असतो. त्यानं खोलीचं दार तिला सताड उघडून दिलं होतं. फाटकाला मशीन आपणहून एक कडी घालून ठेवतं, सगळ्यांनी फक्त वाचावं अशी. ती काढायची राहून गेली होती. आणि काम झालं की नाही ते त्यानं तेव्हाही आजच्यासारखंच बघितलं होतं. आपल्या खुर्चीत बसून, तिच्या नावानं.

पूर्वी रविवारी सकाळी ती दोघं बाहेर पडायची. तिच्याकडे भिंग, त्याच्याकडे कॅमेरा आणि जवळचं टिपायची एक जाड काच. फार लांब जावं लागत नसे. छापखान्याच्या मागची गळकी भिंत, पुलाखालचे दगड, पाण्याच्या टाकीचा पाया, बंद पडलेल्या कारखान्याची पायरी. लोक ज्याला शेवाळ म्हणून खरवडून काढतात, त्यावर ही बाई अर्धा अर्धा तास ओणवी. सुरुवातीला तोही शेवाळच म्हणायचा. मग ती शिकवायची, पाण्यावर असतं ते शेवाळ, हे मॉस, ह्याला पानं आहेत, बघ, आणि ही केसाएवढ्या देठावरची बोंडं. एक गोष्ट ती नेहमी सांगायची: हे कोरडं पडतं पण मरत नाही, पाकिटात वर्षानुवर्षं पडून राहतं आणि वर थेंबभर पाणी टाकलं की उघडतं. “सगळंच उघडतं?” त्यानं एकदा विचारलं होतं. “छे. बरंचसं नाही उघडत,” ती म्हणाली होती, शिक्षिकाच शेवटी. दोघं असे गटाराच्या कडेला गुडघ्यांवर असले की येणारेजाणारे थांबायचे. काही हरवलंय का? दर रविवारी कुणी ना कुणी विचारायचंच. आणि ती मान वर न करता म्हणायची, “नाही हो, सापडलंय.” ह्यावर तो दर वेळी हसायचा. पुस्तक करायचं ठरलं होतं. फोटो त्याचे, प्रत्येक फोटोखाली टिपण तिचं. कोण छापणार वगैरे काही नाही, पण पुस्तक.

मग एकदा तो कचेरीतून आला तर पाचसहा फोटो नाहीसे झालेले. तेव्हा एकच मशीन होतं आणि कुणीही कशालाही हात लावावा असा कारभार. ती म्हणाली, “ते मी काढले. धूसर होते. मॉस दिसतच नाही त्यांत, माझीच बोटं मध्ये आलीयत.” आणि तो भडकला होता. का भडकला हे त्याला तेव्हाही माहीत होतं. ते फोटो धूसर आले नव्हते, त्यानं तसे टिपले होते. वाकल्यावर भिंगाला धरलेली तिची बोटं, अंगठ्याच्या नखात अडकलेली माती, मनगटावर सरकून आलेली घड्याळाची सैल पट्टी. मॉस मागे, हिरवं पुसट. ते त्याला हवे होते. पण असलं काही बायकोच्या तोंडावर बोलायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती, बापानं केलं नव्हतं, आज्यानं तर नाहीच. त्यामुळे जे बोलायचं होतं ते घशात राहिलं आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. “माझ्या गोष्टींना हात लावत जाऊ नकोस,” तो म्हणाला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली होती आणि म्हणाली होती, “बरं.” हे पहिलं ‘बरं’. त्यानं कचऱ्याच्या डब्यातून ते फोटो परत जागेवर आणले आणि दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याला पश्चात्ताप झाला, आणि त्यानं त्याला येत होतं ते केलं. तिच्यासाठी वेगळं मशीन आणलं, बोळातून वायर नेली, भिंतीला एक न एक खिळा सरळ ठोकला. घरातल्या तिघांची तीन नावं केली. आणि ‘घर’ हा फोल्डर वाटायला काढून त्यावर, तिच्या नावापुढे, होत्या तेवढ्या सगळ्या चौकटींत खूण केली. वाचा, लिहा, बदला, पुसा. पुसासुद्धा. कचेरीत त्यानं संचालकांनाही पुसायची परवानगी दिली नव्हती. ती खूण करताना त्याचा हात जरासा थांबला होता, आणि मग त्यानं ती केली, आणि त्याचं मन हलकं झालं. ही माफी होती. तोंडी मागितलेली नव्हती, पण ती फोल्डर उघडेल, काहीतरी लिहील, आपोआप लिहिलं जाईल, आणि तिला कळेल. त्या संध्याकाळी त्यानं तिच्या दारात उभं राहून विचारलं, “फोटो दिसतात ना?” “दिसतात,” ती म्हणाली. तो परत आपल्या खोलीत जाऊन बसला आणि वाट बघू लागला.

रोज कचेरीतून आला की बूट काढायच्या आधी तो फोल्डर उघडून बघायचा. पहिलं टिपण आलं का. नाही. आठवडे गेले, नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हाच, असं तो मनाशी म्हणायला लागला. एवढं सगळं हातात दिलं तरी हिचा राग आपला तिथेच. त्यानं आणखी फोटो काढून फोल्डरमध्ये ठेवले, जास्त चांगले, जास्त स्वच्छ. तिनं एकही ओळ लिहिली नाही. मग एका रविवारी तो म्हणाला, आज गुडघा दुखतोय. ती म्हणाली, बरं. पुढल्या रविवारी कुणी काही विचारलंच नाही. जाड काच पेटीत गेली. आणि आता, तिच्या ठेंगण्या खुर्चीत बसून, ते सगळे आठवडे त्याला दुसऱ्या बाजूनं दिसायला लागले. त्याच्या पाठीकडे बघत बसलेल्या माणसाच्या बाजूनं. हात लावू नकोस म्हणाला. मग घरभर वायर फिरवली. आणि मग मशीनही तेच म्हणायला लागलं. त्याच सुमाराला जेवताना त्यानं कचेरीतली गंमत सांगितली होती, तीही आता आठवली. आठवली नसती तर बरं झालं असतं. “ज्याला त्याला लिहायची परवानगी पाहिजे,” तो म्हणाला होता. “वाचायला मिळतंय ना? पुरे की. लिहायला दिलं की बिघडवून ठेवतात.” लेक हसली होती. बायको हसली की नाही ते त्यानं पाहिलं नव्हतं.

ती खोलीत आली तेव्हा तिच्या हातात चिकटपट्टीचं रीळ होतं आणि ती नखानं तिचं टोक शोधत होती. त्याला आपल्या खुर्चीत पाहून ती दारात थबकली. पण आपलंच दार म्हणून असेल, मग आत आली.

“चालतंय ना?” ती म्हणाली.

“नाही चालत. तुझ्याकडून नाही चालत.”

“तेच सांगत होते.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

तिला टोक सापडलं होतं. तिनं पट्टी थोडी ओढली आणि पुन्हा चिकटवून टाकली. “काय बोलायचं? हात लावायचा नाही म्हणून सांगून झालं होतं. मला वाटलं, पक्कं करून घेतलं.”

“मी उलट सगळं दिलं होतं तुला. लिहायचं, पुसायचं, सगळं.” आपला आवाज चढतो आहे हे त्याला कळत होतं आणि तो कुणावर चढतो आहे हे कळत नव्हतं. “माफी म्हणून दिलं होतं.”

“कुठे?”

त्यानं तिला पडद्यावर दाखवलं, मग खोलीचं दार आणि फाटक करून सांगितलं. आयुष्यभर मुलांना शिकवलेली बाई, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. “म्हणजे दार उघडं होतं आणि फाटकाला कडी,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि मी फाटकातूनच परत जात होते.”

“हो.”

ती जरा हसली. हसण्यात विखार नव्हता, असता तर त्याला झेपला असता. “गंमतच आहे,” ती म्हणाली.

“आता काढतो ती कडी. लगेच काढतो. मग लिही तू.”

“काय लिहू?”

“टिपणं. मॉसची.”

“टिपणं होती,” ती म्हणाली आणि गठ्ठ्याच्या गाठीवरून बोट फिरवलं. “माझ्या मशीनवर लिहून ठेवायचे. रोज एक. वाटायचं, कधीतरी विचारणं होईल, मग एकदम देऊन टाकू. बहुतेक सगळ्यांची झाली होती. आधीच्या मशीनवर.”

आधीचं मशीन. ते मंद झालं म्हणून त्यानंच बदललं होतं आणि कुणाला तरी देऊन टाकलं होतं. देण्याआधी त्यानं त्याची डिस्क पुसली होती, साधी नाही, कचेरीत पुसतात तशी, वरून पुन्हा पुन्हा लिहून, की जगातल्या कुठल्याही माणसाला त्यातलं अक्षर परत काढता येऊ नये. त्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. “पण मी विचारलं होतं तुला,” तो म्हणाला. “यातलं काही ठेवायचंय का, म्हणून.”

“विचारलं होतं. कोट घालून, खोकं काखेत धरून, दारात.”

“तू नाही म्हणालीस.”

“म्हणाले.”

“सांगायला हवं होतंस.”

“हवं होतं,” ती म्हणाली. “माझंही चुकलंच. पण घरातल्या माणसाकडे अर्ज करायचा, ते काही जमलं नाही.”

स्वयंपाकघरात अर्धवट भरलेलं खोकं तिची वाट बघत होतं, ती तिकडे गेली. खिडकीबाहेरच्या मॉसवर ऊन तिरपं आलं होतं. ह्याचंही टिपण तिनं लिहिलं असेल का, ह्याचा तर फोटोही आपण काढला नाही, असं काहीतरी त्याच्या मनात येत होतं, आणि रडू येईल असं वाटत होतं, आणि येत नव्हतं. मग तो आपल्या खोलीत आला, आपल्या खुर्चीत बसला, फोल्डरच्या तोंडाशी लावलेली परवानगी उघडली आणि तिच्या नावापुढची ती राहिलेली खूण केली. एक टिचकी. एवढंच काम होतं. तो पुन्हा उठला, बोळ ओलांडून तिच्या मशीनवर बसून कोरी फाईल ठेवून पाहिली, राहिली. पुसून पाहिली, पुसली गेली. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन तो म्हणाला, “झालं. तुझ्याकडून चालतंय.” तिनं मान हलवली आणि हात पुसत आपल्या खोलीत गेली.

परत जागेवर येऊन बसल्यावर त्याला दुसरं काही सुचेना म्हणून तो फोल्डरकडे बघत राहिला. आणि पडद्यावर पहिल्या फोटोचा नंबर नाहीसा झाला आणि तिथे नाव आलं. लांबलचक, दोन शब्दांचं, शास्त्रातलं, त्याला धड वाचता न येणारं. मग दुसऱ्याचं. मग जरा थांबून तिसऱ्याचं, आणि तिसऱ्याचं लगेच सुधारून पुन्हा. ती पुस्तकात बघत नव्हती, पुस्तकं तर गठ्ठ्यांत बांधलेली; सगळं तिला पाठ होतं. त्याच्या पाठीमागे, बोळाच्या त्या टोकाला, बटणांचा हलका आवाज होत होता आणि इथे त्याच्या डोळ्यांसमोर नावं उगवत होती. ह्याचीच त्यानं बूट न काढता वाट पाहिली होती. खुर्ची फिरवून तिच्याकडे बघावं असं त्याला वाटलं, पण नाव यायचं चुकेल म्हणून तो फिरला नाही. छापखान्यामागचं झालं. पुलाखालची झाली. मग नावं यायची थांबली.

“हे धूसर अजून कशाला ठेवलेत?” बोळातून आवाज आला. “काढू का हे?”

‘काढ की, तुला परवानगी आहे,’ हे उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं, आणि ते अगदी खरंही होतं. त्यानं ते गिळलं. उठला, बोळ ओलांडला आणि तिच्या दारात थांबला, मग आत जाऊन तिच्या खुर्चीच्या मागे उभा राहिला. पडद्यावर तिची बोटं होती, भिंगाभोवती, अंगठ्याच्या नखात माती.

“ते मॉसचे नाहीयेत,” तो म्हणाला. “तुझ्या हाताचे आहेत. मुद्दाम काढले होते. मला आवडायचे.”

तिनं मान पडद्याजवळ नेली. तिचा आताचा हात टेबलावर होता, शिरा वर आलेला, बोटांच्या सांध्यांशी जाडावलेला.

“तेव्हा तोंडाला काय कुलूप होतं?” ती म्हणाली.

तिनं नावं लावलेले सगळे फोटो निवडले आणि आपल्या डिस्कवर घेतले. त्यांना वेळ लागला, दोघं पडद्यावरची पट्टी भरत जाताना बघत राहिली. धूसर पाचसहा तिनं पुसले नाहीत. घेतलेही नाहीत. “हे इथेच राहू देत,” ती म्हणाली आणि फोल्डर मिटला.

मशीन न्यायचं होतं. पेटी तयार होती. तो टेबलाखाली गुडघ्यांवर बसला, भिंतीजवळ डोकं खाली घालून, त्यानंच ठोकलेल्या खिळ्यांच्या रांगेतून आलेली वायर हातानं चाचपडत तिच्या मशीनच्या तोंडापर्यंत गेला. खिट्टी जुनी झाली होती, दबेना. धुळीनं त्याला शिंक आली. वर ती चिकटपट्टी ओढायची थांबली असावी, कारण खोलीत एकदम शांत झालं, आणि मग तिचा आवाज आला, रस्त्यात अनोळखी माणूस विचारतो तसा.

“काही हरवलंय का?”

उत्तर दोघांनाही पाठ होतं. तो तसाच ओणवा राहिला. खिट्टी दबली, वायर सुटून त्याच्या हातात आली.

“हो,” तो म्हणाला.